दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहिल्यावर उपास सोडायचा कसा

सांगलीत आमच्या घरी एकादशी, संकष्टी, महाशिवरात्र सगळं पाळतात. उपास मला नवा नव्हता. पण तो शाबूची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी आणि संध्याकाळी केळ्याचे वेफर, असा उपास. नुसत्या पाण्यावर राहून पाहिलं ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, चाळीस तास. ते तास निभावले. पहिल्या दिवशी दुपारी भूक कडाडून लागली, रात्री डोकं दुखलं, दुसऱ्या दिवशी मात्र बरंच हलकं वाटलं. मी चुकलो ते उपास सोडताना.

शनिवारची सकाळ होती. मार्केट यार्डात हळदीचा सौदा आटोपला आणि बरोबरचे दोघं नाश्त्याला निघाले, त्यांच्याबरोबर मीही गेलो. मिसळ, दोन पाव, वरून मागून घेतलेला कट आणि चहा. वीस मिनिटांत पोटात मुरडा आला, अंगाला गार घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. एका गाळ्याच्या पायरीवर अर्धा तास बसून होतो. उरलेला दिवस जुलाबांत गेला. घरी आल्यावर आईनं एवढंच विचारलं, "तापातून उठलेल्या माणसाला तू मिसळ दिली असतीस का रे?"

तेव्हापासून मी उपास सोडतो तो आजारातून उठलेल्या माणसाला जसं जेवू घालतात तसा. आपल्या घरांमध्ये हे ज्ञान मुबलक आहे. कढण, पेज, गुरगुट्या भात, ताक, सगळं आपल्याकडे आहेच. फक्त ते आपण 'आजाऱ्याचं' म्हणून बाजूला ठेवलंय आणि उपास म्हटलं की हात शाबूकडे जातो. पुढे लिहिलंय ते २४ ते ७२ तासांच्या उपासासाठी, धडधाकट माणसासाठी, आणि मी स्वतः केलं तसं. ७२ तासांच्या पुढचा उपास हा वेगळा विषय आहे, त्याबद्दल शेवटाकडे लिहिलंय.

आधी हे वाचा: कोणी करू नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठरा वर्षांखालची मुलं, मुळातच वजन कमी असलेली माणसं, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेले, पोटात अल्सर असलेले, गाऊट असलेले (उपासात युरिक अ‍ॅसिड वाढतं), आणि ज्यांना कधी जेवण टाळण्याचा किंवा खाऊन ओकून टाकण्याचा त्रास झालाय असे सगळे. यांनी नुसत्या पाण्याचा उपास करूच नये.

मधुमेहाच्या औषधांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आमच्या घरात हे घडलंय. माझ्या मेव्हण्यानं माझं बघून उपास धरला आणि सवयीनं सकाळची गोळी घेतली. ती ग्लिमेपिराइडची होती. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात काही असो वा नसो. दुपारी तो असंबद्ध बोलायला लागला, हात थरथरत होते. साखर ५२ भरली. साखरपाणी पाजून मिरजेला डॉक्टरांकडे नेलं म्हणून निभावलं. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असतील तर धोका वेगळाच: साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी उभं राहताच चक्कर येऊ शकते. गोळ्या स्वतःच्या मनानं बंदही करू नका. डॉक्टरांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर नको.

१. तयारी उपास धरण्याआधी करा

उपासाच्या शेवटच्या तासाला माणूस मंडईत गेला की नको ते घेऊन येतो. म्हणून सामान आधी आणून ठेवा:

- सालीचे हिरवे मूग आणि थोडी पिवळी मूगडाळ
- जुना तांदूळ, शक्यतो मऊ शिजणारा (आंबेमोहोर किंवा इंद्रायणी)
- जिरं, आलं, हिंग, साधं मीठ, साजूक तूप
- ताजं दही, आंबट नको
- एक-दोन पिकलेली केळी किंवा पपईची फोड, मूठभर बेदाणे
- दुधी किंवा दोडका
- ओआरएसची दोन पाकिटं (औषधाच्या दुकानातली पावडर, टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे)
- एक लहान वाटी आणि चमचा. मी मुद्दाम नैवेद्याची वाटी घेतो, मोठ्या वाटीत हात आवरत नाही
- घरात असेल तर रक्तदाब मोजायचं यंत्र

कागदही लागतात. काही औषधं चालू असतील तर त्यांची यादी आणि अलीकडच्या तपासण्यांचे रिपोर्ट एका पिशवीत घालून घरच्यांना दाखवून ठेवा. मेव्हण्याच्या वेळी कोणती गोळी घेतली हे शोधण्यात दहा मिनिटं गेली होती.

उपास कधी संपतोय हेही आधी बघा. ज्या दिवशी गावची जत्रा, लग्नाची पंगत किंवा घरात मटणाचा बेत असेल, त्या दिवशी उपास सुटेल असा तो धरू नका. तांबड्या रश्श्याचा वास घरभर असताना मुगाचं पाणी पीत बसायचं म्हणजे फार मोठी परीक्षा. उपास सकाळी आठ-नऊला सोडणं सगळ्यात सोयीचं. दिवसभर थोडं थोडं खाता येतं आणि काही बिनसलं तर दवाखाने उघडे असतात. रात्री उपास सोडला की दोन घास खाऊन झोपायचं म्हटलं तरी बहुतेक वेळा पोटभर जेवणच होतं.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पहिलं जेवण काय असणार. आपल्याकडे माया ताटातून दिसते. दोन दिवस उपाशी माणूस पानावर बसला की वाढणाऱ्याचा हात थांबत नाही. माझी बायको पहिल्या खेपेला शिरा करून बसली होती, तूप सुटलेला.

२. शेवटचे दोन तास

अंघोळ उपास सोडायच्या आधी करा, कोमट पाण्यानं, आणि बसून. उपासात इन्सुलिन खाली जातं तसं मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात, म्हणून उभं राहताना गरगरतं. खाल्ल्यावर रक्त पोटाकडे वळतं, तेव्हा रक्तदाब आणखी थोडा उतरू शकतो. खाऊन लगेच कडकडीत पाण्यानं अंघोळ करणं किंवा लगेच गाडीवर बसून निघणं, दोन्ही टाळा.

या दोन तासांत घटाघट पाणी पिऊन पोट भरू नका. तहान लागेल तेवढे घोट घ्या.

आणि चहा नको. हे सांगताना मला जड जातं, कारण सकाळच्या चहावाचून माझाही दिवस उगवत नाही. पण रिकाम्या पोटी दुधाचा, साखरेचा, उकळून काळा केलेला चहा म्हणजे जळजळीला आमंत्रण. त्याची पाळी दुपारनंतर येईल.

३. पहिली वाटी: मुगाचं कढण

सुरुवातीला अर्धा पेला कोमट पाणी, त्यात मिठाची चिमूट. दहा मिनिटं थांबायचं. मग कढण.

अर्धी वाटी सालीचे मूग आदल्या रात्री भिजत घाला. सकाळी ते पाणी टाकून पाच वाट्या नवं पाणी घाला आणि कुकरला चार-पाच शिट्ट्या करा. घोटायचं नाही. वरचं पाणी गाळून घ्या, त्यात पाव चमचा मीठ, चिमूटभर जिरेपूड, आल्याचा थोडा रस. फोडणी नको, तिखट नको. खाली राहिलेले मूग घरच्यांच्या उसळीत जातील.

हे अर्धी वाटी घ्यायचं, चमच्यानं, पंधरा-वीस मिनिटं लावून. मग एक तास काहीही नाही.

हे मला आमच्या शेजारच्या जैन काकूंकडून कळलं. त्या पर्युषणात तेला करतात, म्हणजे तीन दिवस, फक्त उकळलेल्या पाण्यावर, आणि तेही सूर्यास्तानंतर नाही. पारण्याला त्यांच्या घरी पहिलं मुगाचं पाणीच येतं. मी त्यांना विचारलं, एवढं साधं का, आज तर गोड व्हायला पाहिजे. त्या म्हणाल्या, "गोड घरच्यांना. माझ्या पोटाला अजून माहीत नाही उपास सुटलाय ते. त्याला हळूच उठवायचं." आयुर्वेदातही पंचकर्म झाल्यावर जेवण परत सुरू करायचा क्रम सांगितलाय, त्याला संसर्जन क्रम म्हणतात. आधी पेया, म्हणजे पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे दाट पेज. मग मुगाचं यूष, आधी बिनफोडणीचं आणि नंतर फोडणीचं. काकूंच्या आणि वैद्यांच्या क्रमात मूग आणि तांदूळ पुढे-मागे होतात, पण पातळापासून घट्टाकडे आणि अळणीपासून फोडणीकडे जायचं, यावर दोघांचं एकमत आहे.

*इतकं जपायचं कशासाठी*

हे कळलं की पथ्य पाळणं सोपं जातं, म्हणून थोडं सविस्तर.

यकृतात साधारण शंभर ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. एक दिवस काही खाल्लं नाही की ती बहुतेक संपते. मग शरीर चरबी जाळायला लागतं, इन्सुलिन कमी राहतं, आतड्यांची हालचाल मंदावते. पित्ताशयात पित्त साठून राहतं, कारण ते मागणारं तूप-तेल येतच नाही. अशा वेळी अचानक तर्रीची मिसळ आली की पित्ताशय जोरात आकसतं, पोट एकदम कामाला लागतं, आणि आतड्यांत न पचलेलं अन्न पाणी ओढून घेतं. मुरडा आणि जुलाब त्यातून येतात. माझं नेमकं तेच झालं.

दुसरी गोष्ट रक्तातली. पिठूळ किंवा गोड काही भरपूर खाल्लं की इन्सुलिन उसळी घेतं. ते साखर पेशींत ढकलतं, आणि तिच्याबरोबर पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेटही रक्तातून पेशींत जातात. दोन दिवसांच्या उपासानंतर धडधाकट माणसाला याचा मोठा धोका सहसा नसतो, थकवा आणि धडधड जाणवते इतकंच. पण उपास पाच दिवसांवर गेला किंवा माणूस आधीच खंगलेला असला, तर हेच क्षार इतके खाली जातात की हृदयाचे ठोके बिघडतात. याला डॉक्टर रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेले उपाशी कैदी पोटभर अन्न मिळाल्यावर आजारी पडले, काही दगावले, तेव्हा हा प्रकार नीट लक्षात आला. मुगात आणि ताकात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही असतात, आणि साखरेचा मारा नसतो. कढणाची वाटी म्हणूनच इतकी सोयीची.

४. दुसरी वेळ: ताक किंवा फळ

तासाभरानं पोट शांत असेल, मळमळ नसेल, तर यातलं एकच काहीतरी:

एक वाटी पातळ ताक, जिरेपूड आणि मीठ घालून. किंवा अर्धं पिकलेलं केळं, चावून चावून. किंवा पपईच्या चार-पाच फोडी. किंवा आठ-दहा बेदाणे, रात्रभर भिजवलेले, त्यांच्या पाण्यासकट. तासगावचा बेदाणा आपल्या घरात बाराही महिने असतो, पण तो म्हणजे आटवलेली साखर आहे हे विसरू नका. मूठ भरून खाऊ नका.

शहाळं चालतं, अर्धं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. ते आपल्याला उपयोगी, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला तेवढंच घातक.

द्राक्षांच्या हंगामात एक खास फसगत होते. फेब्रुवारीत घरी पेटी आलेली असते, फळ हलकं असतं असं आपण धरून चालतो, आणि बोलता बोलता पाव किलो द्राक्षं पोटात जातात. त्यातली फळसाखर रिकाम्या आतड्याला एवढ्या प्रमाणात झेपत नाही. दहा-बारा मणी, बस. बाकीची दुसऱ्या दिवशी.

फळांच्या रसाचंही सांगतो. उपोषण सुटतं ते रसाच्या पेल्यानं, हे चित्र आपल्या मनात पक्कं आहे. येरवड्याच्या तुरुंगात २६ सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींनी उपोषण सोडलं ते कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन. पण त्यांच्याभोवती डॉक्टर होते. आपण उपास सोडतो ते रसवंतीवर किंवा ज्यूस सेंटरवर, मोठा पेला, वर साखर. दोनशे मिलिलिटर संत्र्याच्या रसात वरून काही न घालताही वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि ती पाच मिनिटांत पोटात जाते. रस घ्यायचाच असेल तर अर्धा पेला रस, अर्धा पेला पाणी, आणि कढणानंतर. उसाचा रस पहिल्या दिवशी नकोच.

५. तिसरी वेळ: गुरगुट्या भात

कढणानंतर तीन-चार तासांनी, म्हणजे सकाळी नऊला उपास सोडला असेल तर दुपारी एकच्या सुमारास.

अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, पाच वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि हिंग. कुकरला पाच शिट्ट्या. पळीनं घोटून पातळ करा, मीठ घाला, वर एक लहान चमचा तूप. ताटात गेल्यावर पसरला पाहिजे, ढीग राहता कामा नये. एक वाटी खायचा. ज्यांना कार्बोदकं कमी हवीत ते भाताऐवजी डाळ वाढवतात, तेही चालतं.

इथे सगळ्यात मोठा सापळा आहे. या भातानंतर अर्ध्या तासात भूक जागी होते, उपासात कधी लागली नव्हती अशी. दोन दिवस गप्प राहिलेलं पोट आता मागायला लागतं. मला पहिल्या दोन-तीन खेपांना वाटायचं की शरीर मागतंय म्हणजे त्याला पचेल. तसं नसतं. भूक आधी जागी होते, पचनाला आणखी काही तास लागतात. तेवढे तास घराबाहेर काढा, पण जिथे खायचं काही नाही तिथे. मी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसतो. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून हे तास निघत नाहीत.

चहा आता घ्या. अर्धा कप, साखर कमी.

६. संध्याकाळ आणि दुसरा दिवस

२४ तासांचाच उपास असेल तर संध्याकाळी साधं जेवण चालेल: वरण-भात, दुधीची किंवा दोडक्याची भाजी, ताक. ३६ ते ४८ तासांचा असेल तर संध्याकाळीही गुरगुट्या भातच, बरोबर मऊ शिजवलेली भाजी. मांसाहारी असाल तर एक उकडलेलं अंडं. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी दुपारपासून. ७२ तासांचा असेल तर हे सगळं आणखी एक दिवस ताणा. मी एक साधा हिशेब ठेवतो: जितके तास उपाशी राहिलो, त्याच्या निदान निम्मे तास पथ्याचे.

बहुतेकांच्या मनात असलेली यादी इथे देतो, म्हणजे काय कधी खायचं त्याची:

- कच्ची काकडी, कोशिंबीर, मोडाची मटकी: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, थोडी
- वांगी, हरभरा, पावटा, कोबी: तिसऱ्या दिवशी
- दूध पेलाभर: दुसऱ्या दिवशी, त्याआधी ताकच
- कांदा-लसणाची चटणी, लोणचं, ठेचा: दुसऱ्या दिवशी रात्री, जिभेला लावण्यापुरतं
- मटण, तळण, मिसळ, भडंग: तिसऱ्या दिवसाच्या आत नको
- दारू: निदान तीन दिवस नको. रिकाम्या यकृतावर ती साखर खाली ओढते

७. 'उपासाचे पदार्थ' म्हणजे उपास सोडायचे पदार्थ नव्हेत

यासाठी वेगळा मथळा केला, कारण मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच आहे: शाबूची खिचडी चालेल का? ती तर उपासाचीच.

ती चालते उपासात, म्हणजे काय खायचं नाही याच्या धार्मिक नियमात. पोटाचा नियम वेगळा. शाबू म्हणजे जवळपास सगळा स्टार्च. त्यात शेंगदाण्याचं कूट, आणि शेंगदाण्याचं निम्मं वजन तेलाचं. वर तूप, बटाटा, हिरवी मिरची. दोन दिवस रिकाम्या असलेल्या पोटाला याच्याइतकं जड दुसरं थोडंच काही असेल. शाबूवडा तर तळलेला. त्यापेक्षा वरीची पातळ पेज, ताक घालून, फार बरी.

याउलट आपल्या द्वादशीच्या पारण्याचं ताट नीट बघितलं तर त्यात शहाणपण दिसतं. पहिला वाढतात तो वरण-भात, त्यावर तूप आणि लिंबू. ओलं, मऊ, कमी तिखट. आपण तेवढ्यावर थांबत नाही, लगेच भजी आणि पुरण घेतो, त्यात त्या ताटाचा काय दोष. माझी आजी बारस सोडताना वरण-भाताचे चार घास खाऊन उठायची आणि बाकीचं दुपारी जेवायची. तेव्हा मला ते विचित्र वाटायचं.

८. या खुणा दिसल्या तर थांबा

थोडा गॅस, एखादी पातळ शी, संध्याकाळी सुस्ती, हे होतं. त्यासाठी पेज आणि आराम पुरे. गरगरत असेल तर ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. अर्ध्या पेल्यात अख्खं पाकीट घातलं तर जुलाब वाढतात.

पण छातीत धडधड थांबत नसेल, श्वास लागत असेल, पायांवर सूज येत असेल, हातापायांत बळ नसेल, बोलणं असंबद्ध होत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा पोटात उजव्या बाजूला बरगडीखाली असह्य कळ येत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात जा, आणि किती तास उपाशी होतो, काय खाल्लं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे न लपवता सांगा. घरच्या लोकांना लाज वाटते, "उपास होता" एवढंच सांगतात. डॉक्टरांना वाटतं, शाबू-दाण्यांचा असेल. "नुसत्या पाण्यावर होता" हे शब्द सांगणं महत्त्वाचं आहे.

आणि ७२ तासांच्या पुढचं. कोणाचं ऐकून किंवा मोबाइलवर बघून पाच-सात दिवस नुसत्या पाण्यावर राहिला असाल, तर या लेखाप्रमाणे उपास सोडू नका. आधी डॉक्टरांना भेटा. ते रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट तपासतील, आणि खाणं सुरू करायच्या आधी बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन देतील. हे घरी होण्यासारखं नाही.

९. वजनाचा काटा

उपासात दोन किलो उतरले, खायला लागल्यावर दोन दिवसांत दीड किलो परत आलं. अशानं नव्या माणसाचा धीर सुटतो आणि तो लगेच दुसरा उपास धरतो. ते करू नका. उतरलेल्यापैकी बरंचसं पाणीच होतं. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. साठा संपला की ते जातं, भरला की परत येतं. मिठाचंही तसंच. काट्यावर उभं राहायचं असेल तर उपास सोडल्यावर पाचव्या दिवशी राहा.

व्यायाम दोन दिवस फक्त चालण्याचा. जिम, पोहणं, शेतातलं जड काम तिसऱ्या दिवसानंतर.

१०. वहीत लिहून ठेवा

प्रत्येकाचं पोट वेगळं. मला ताक सोसतं, माझ्या बायकोला कढणानंतर लगेच ताक घेतलं की गुबारा धरतो, ती पपई घेते. हे कळतं ते लिहून ठेवल्यानं. गेल्या वेळच्या अठ्ठेचाळीस तासांनंतरची माझी नोंद अशी आहे:

सकाळी ८:५० मीठ-पाणी. ९:०५ कढण अर्धी वाटी. १०:२० ताक एक वाटी, ठीक. ११ ला भूक, घाटावर गेलो. १:१० गुरगुट्या भात एक वाटी, तूप जास्त पडलं, थोडं जड वाटलं. ३ वाजता चहा अर्धा कप. ७:३० भात, दोडक्याची भाजी, एक अंडं. रात्री झोप चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट साफ. दुपारी एक भाकरी, मुगाची आमटी, चटणी नखाएवढी.